वाघाचा पंजा, क्रौंचाची चोच

१७ जानेवारी १९५४ रोजी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मकावमध्ये दोन वस्ताद आखाड्यात उतरले. एक होते वू गोंगयी, वय ५३, ताय-चीच्या वू घराण्याचे प्रमुख. दुसरे चॅन हाक-फू, पस्तिशीतले, श्वेत क्रौंच घराण्याचे. त्याआधी तीन आठवडे, १९५३च्या नाताळच्या रात्री, हाँगकाँगच्या शेक किप मेइ झोपडवस्तीला आग लागून ५०,०००हून अधिक माणसे उघड्यावर आली होती. त्यांच्या मदतनिधीसाठी म्हणून ही लढत जाहीर झाली, पण गर्दी लोटली ती चुरस पाहायला. पहिल्या फेरीत चॅन यांच्या नाकातून रक्त आले. दुसऱ्या फेरीतच पंचांनी लढत थांबवली आणि निकाल दिला: कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही आणि बरोबरीही झाली नाही.

त्या लढतीची कृष्णधवल चित्रफीत आजही पाहायला मिळते. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांची ती निराशा करते. एका पायावर उभा राहिलेला पक्षी नाही, चोचीसारखी जुळवलेली बोटे नाहीत, पंखांची फडफड नाही. दोन माणसे एकमेकांवर हात फिरवतात, मागे सरतात, पुन्हा धावून जातात. मग यात क्रौंच कुठे आहे, असा प्रश्न पडतो.

चित्रफीत पुन्हा सावकाश पाहावी. चॅन यांचे घराणे दक्षिण चीनमध्ये ‘लामा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परंपरेतले. एका तिबेटी लामाने क्रौंच आणि वानर यांची झुंज पाहिली आणि तिच्यातून ही विद्या घडवली, अशी त्या परंपरेतली कथा. तिचे ठळक लक्षण म्हणजे कोपरात फारसा न वाकवलेला लांब हात खांद्यापासून मोठ्या वर्तुळात फिरवून मारणे आणि त्याच झोक्यात अंग बाजूला काढणे. मकावच्या आखाड्यात तेच हात फिरत होते. क्रौंच तिथे होता. तो पक्ष्यासारखा दिसत नव्हता, एवढेच.

आजच्या व्याख्यानाचा विषय प्राण्यांवरून नावे घेतलेली कुंग फूची घराणी हा आहे आणि त्याचे सूत्र या चित्रफितीत सापडते. या घराण्यांतला प्राणी बाहेरून दिसणाऱ्या नकलेत शोधला तर हाती फार थोडे लागते. तो शोधायचा खांद्यात, कमरेत, पायांच्या बोटांत आणि श्वासात. त्यांच्या जन्मकथा इतिहासाच्या कसोटीला बहुतेक उतरत नाहीत, पण त्यांनी जपलेले कसब अस्सल आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहिल्या, तर या विद्येबद्दलचा आदर वाढतो, असे प्रस्तुत वक्त्याचे ठाम मत आहे.

मकावच्या लढतीचा आणखी एक परिणाम झाला. लोकांची उत्सुकता इतकी तापली होती, की अवघ्या तीन दिवसांनी हाँगकाँगच्या एका सायंदैनिकात युद्धकलेवरची एक कादंबरी क्रमशः सुरू झाली. लेखक होते लियांग युशेंग आणि ही त्यांची अशी पहिलीच कादंबरी. पुढच्या वर्षी त्यांचे सहकारी जिन योंग यांनीही लेखणी उचलली. तलवारबहाद्दरांच्या ज्या आधुनिक चिनी कादंबऱ्यांवर पुढे पिढ्या पोसल्या, त्यांची सुरुवात या दोन फेऱ्यांच्या अर्धवट झुंजीतून झाली. तिथून चित्रपट फार दूर नव्हता. १९७८ या एकाच वर्षी युएन वू-पिंग यांनी जॅकी चॅनला घेऊन ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ आणि ‘ड्रंकन मास्टर’ हे दोन चित्रपट दिले आणि साप, गरुड, माकड जगभरच्या पडद्यांवर लढू लागले. २००८च्या ‘कुंग फू पांडा’मधली वाघीण, क्रौंच, माकड, प्रार्थनाकीटक आणि नाग ही पाचही पात्रे खऱ्या घराण्यांवरून घेतलेली आहेत, हे मराठी घरांत तो चित्रपट पाहून वाढलेल्या मुलांना सहसा कोणी सांगितलेले नसते.

प्राण्यांच्या हालचालींवरून शरीर घडवण्याची कल्पना चीनमध्ये फार जुनी आहे, मात्र तिचा उगम लढाईत नाही. इसवी सनापूर्वीच्या ‘च्वांगत्सी’ या ग्रंथात अस्वलासारखे लटकणाऱ्या आणि पक्ष्यासारखे ताणणाऱ्या दीर्घायुष्येच्छू लोकांचा उल्लेख येतो. हुनान प्रांतात छांगशाजवळ मावांगदुई येथे इ.स.पू. १६८मध्ये बंद केलेली एक कबर १९७३मध्ये उघडली गेली. तीत रेशमावर रंगवलेला एक तक्ता मिळाला. त्यावर व्यायाम करणाऱ्या ४४ आकृत्या आहेत: स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, तरुण आहेत, वृद्धही आहेत. काहींच्या शेजारी प्राण्यांची नावे लिहिलेली आहेत आणि त्यांत अस्वल आहे, माकड आहे, क्रौंचही आहे. त्यानंतर साधारण साडेतीनशे वर्षांनी हुआ तुओ या वैद्याने वाघ, हरीण, अस्वल, वानर आणि पक्षी अशा पाच प्राण्यांचा व्यायाम शिकवल्याची नोंद इतिहासग्रंथांत सापडते. सांधे हलते राहिले तर अन्न पचते, रक्त फिरते आणि रोग टिकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. वू पू नावाचा त्याचा शिष्य हा व्यायाम करत नव्वदी ओलांडून जगला आणि तेव्हाही त्याचे कान, डोळे आणि दात शाबूत होते, असे तीच नोंद सांगते. गुरूच्या वाट्याला मात्र सत्ताधीश छाओ छाओच्या कैदेत मरण आले.

ही सगळी आरोग्यविद्या आहे. यात शत्रू नाही.

मग लढाई कुठून आली? या प्रश्नाला भारतात एक लाडके उत्तर आहे: दक्षिण भारतातून बोधिधर्म गेला, त्याने शाओलिन मठातल्या अशक्त भिक्षूंना व्यायाम शिकवला आणि त्यातून कुंग फू जन्मले. केरळच्या कळरिपयट्टूत हत्ती, सिंह, घोडा, रानडुक्कर, साप, मोर, कोंबडा आणि मांजर असे आठ पवित्रे आहेत आणि त्यांकडे पुरावा म्हणून बोट दाखवले जाते. अभिमानाला हे सोयीचे आहे. पण चिनी संशोधकांनीच हा धागा विसाव्या शतकात उसवून दाखवला. तांग हाओ हे त्यांतले अग्रणी. १९३०च्या सुमारास त्यांनी शाओलिनविषयीच्या दंतकथा एकेक करून तपासल्या. बोधिधर्माच्या नावावर असलेले ‘यी-जिन जिंग’ हे व्यायामाचे पुस्तक सतराव्या शतकातले निघाले आणि त्याला जोडलेल्या प्राचीन प्रस्तावना बनावट निघाल्या. मठ मात्र खरोखर जुना आहे. हनान प्रांतातल्या सोंगशान पर्वतावर तो इ.स. ४९५च्या सुमारास बात्वो या भारतीय भिक्षूसाठी उभारला गेला, म्हणजे भारताचा संबंध आहेच, फक्त तो मुष्टियुद्धाचा नाही. इ.स. ७२८च्या शिलालेखात तेरा भिक्षूंनी तांग घराण्याच्या ली शिमिनला लढाईत मदत केल्याची नोंद आहे. पण शाओलिनचे नाव झाले ते काठीमुळे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला छंग त्सोंगयौ याने मठात राहून काठीवर पुस्तक लिहिले. मुष्टियुद्धाचा बोलबाला त्यानंतरचा.

त्याच्या थोडे आधीचा एक साक्षीदार फार मोलाचा आहे. सोळाव्या शतकात किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढलेला मिंग सेनापती छी जिग्वांग याने सैनिकांच्या शिक्षणासाठी ग्रंथ लिहिला. त्यात शस्त्राविना लढण्याचे ३२ पवित्रे आहेत आणि तेव्हा नावाजलेल्या मुष्टिविद्यांची यादीही आहे. त्या यादीत माकडमुष्टी आहे आणि ‘गरुडनखी’ वांग नावाच्या कोणा वस्तादाच्या पकडीही आहेत. पवित्र्यांतही एका पायावर उभा कोंबडा आहे, दबा धरलेला वाघ आहे. म्हणजे सोळाव्या शतकापर्यंत प्राण्यांची नावे आखाड्यात रुळलेली होती. पण छी जिग्वांगला कथांमध्ये रस नव्हता. रणात मुष्टियुद्धाचा उपयोग फारसा नाही, पण हातपाय मोकळे व्हायला आणि नवख्याला सुरुवात करून द्यायला ते चांगले, असे त्याने सरळ लिहून ठेवले.

ड्रॅगन, वाघ, बिबट्या, साप आणि क्रौंच हे जे शाओलिनचे पाच प्राणी म्हणून जगभर प्रसिद्ध आहेत, त्यांची मांडणी ज्या पुस्तकाने घरोघर पोचवली ते १९१५मध्ये, म्हणजे सम्राट पदच्युत झाल्यानंतर तीन वर्षांनी, टोपणनावाने छापले गेले. ड्रॅगनने चित्त घडते, वाघाने हाडे, बिबट्याने बळ, सापाने प्राणशक्ती आणि क्रौंचाने वीर्य, असा त्यातला नेटका हिशेब आहे. त्या पुस्तकाचीही चिकित्सा तांग हाओंनी केली आणि त्याचा इतिहास पोकळ ठरवला. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. राष्ट्र दुबळे झाले आहे ही बोच होती, शरीर कमवायची हाक होती आणि तिला प्राचीन वंशावळ हवी होती. १९१० साली शांघायमध्ये सुरू झालेल्या जिंगवू संघाने वेगवेगळ्या घराण्यांच्या वस्तादांना एका छपराखाली आणले. प्रार्थनाकीटक घराण्याचे लुओ ग्वांगयू आणि गरुडनख घराण्याचे छन त्सिजंग हे तिथेच शिकवत. गावातल्या अंगणात, काही निवडक शिष्यांपुरती राहिलेली विद्या त्यामुळे शहरी कारकून आणि विद्यार्थ्यांपर्यंत आली.

आता जन्मकथा. त्या शेजारीशेजारी ठेवल्या, की एक गोष्ट डोळ्यांत भरते. क्रौंच आणि साप यांची झुंज पाहून विंग चुन या घराण्याची सुरुवात झाली, तसाच ताय-चीचा जनक म्हणून सांगितला जाणारा जांग सानफंगही पक्षी आणि साप यांची झुंज पाहतो. क्रौंच आणि वानर पाहून लामा परंपरा. प्रार्थनाकीटक आणि चिकाडा नावाचा किडा पाहून वांग लांगचे घराणे. कथा एकच आहे, पात्रे बदलतात. प्रत्येक वेळी हरलेला किंवा दुबळा माणूस थांबतो आणि पाहतो, आणि प्रत्येक वेळी लहान किंवा नाजूक प्राणी मोठ्याला दाद देत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या शिष्याला बळाशी बळ भिडवू नकोस हे समजावण्यासाठी याहून सोपे साधन नव्हते. म्हणून ही कथा पिढ्यान्‌पिढ्या उसनी घेतली गेली. तिच्यात खोटेपणा पाहण्यापेक्षा शिकवण्याची रीत पाहावी.

यातली सर्वांत सुंदर कथा फूजियान प्रांतातल्या योंगछुनची. फांग छिन्यांग ही एका मुष्टियोद्ध्याची मुलगी, काळ सतराव्या शतकाचा. तिच्याजवळ एक पांढरा क्रौंच उतरला. तिने काठीने त्याला हुसकावायला पाहिले. डोक्यावर मारली तर पक्ष्याने मान बाजूला घेतली, पंखावर मारली तर पंख उचलून काठी वरच्या वर उडवली, टोचली तर मागे सरकून चोच मारली. बापाकडून शिकलेले सगळे डाव वाया गेले. मग तिने काठी टाकली आणि रोज त्या पक्ष्याकडे पाहू लागली. श्वेत क्रौंच घराण्याची ही मूळ स्त्री. विंग चुनच्या कथेतही भिक्षुणी एंग मुइ आणि यिम विंग-चुन या दोन स्त्रियाच आहेत. त्यांतल्या किती होऊन गेल्या हे कागदावर सिद्ध करता येणार नाही. पण धिप्पाड गड्यांच्या या जगाने आपल्या मूळस्थानी पुन्हा पुन्हा स्त्री बसवली, याला अर्थ आहे. या घराण्यांना अशा शरीराची विद्या हवी होती, जे वजनाने जिंकू शकत नाही.

ती विद्या प्रत्यक्ष कशी दिसते ते पाहू. योंगछुनच्या परंपरेचा पाया म्हणजे ‘सानजान’ हा एक छोटा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या क्रमातल्या हालचालींची मालिका. पाहणाऱ्याला त्यात काहीच घडत नाही असे वाटते. शिष्य खांद्याएवढे अंतर ठेवून एक पाय किंचित पुढे टाकतो. पायांची बोटे जमिनीला धरतात, गुडघे आत वळतात, माकडहाड खाली आणि आत जाते. खांदे वर चढू द्यायचे नाहीत, कोपरे बरगड्यांजवळ खाली बुडवायची, हनुवटी आत. मग तीन पावले पुढे, हात आत ओढायचे, बाहेर सोडायचे, वळायचे. वस्ताद भोवती फिरतो, पाठीवर, मांडीवर, खांद्यावर थापा मारत तपासतो. जिथे सैल आहे तिथे थापेचा आवाज वेगळा येतो, जिथे नको तितके ताठ आहे तिथेही. अनेक महिने इतकेच. या सगळ्यात पक्षी कुठे आहे? प्रहाराच्या अखेरच्या क्षणी. क्रौंच अंगावरचे पाणी झटकतो तसा एक कंप टाचेतून निघून कमरेतून, पाठीच्या कण्यातून बोटांपर्यंत जातो आणि तिथेच संपतो. हात लांब फेकलेला नसतो, तरी समोरचा हादरतो. फूजियानमध्ये या घराण्याच्या पाच शाखा झाल्या: उडणारा क्रौंच, ओरडणारा, खाणारा, झोपलेला आणि हा अंग झटकणारा. एकाच पक्ष्याच्या पाच अवस्थांमध्ये एका गोष्टीचा इतका बारकाईने अभ्यास झाला.

हे ज्ञान फूजियानच्या किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून ओकिनावाला गेले. हिगाओन्ना कानर्‍यो (१८५३–१९१५) फूजौला जाऊन शिकून आले. त्यांचे शिष्य मियागी चोजुन यांनी त्यातून गोजू-र्‍यू कराटे घडवले. उएची कानबुन १८९७मध्ये फूजौला गेले. जौ त्सिहे यांच्याकडे वाघ, क्रौंच आणि ड्रॅगन यांच्या हालचालींवर आधारलेली विद्या त्यांनी घेतली आणि तिचे पुढे उएची-र्‍यू झाले. सानजानचे जपानी नाव सानचिन.

उत्तरेकडे, शानदोंग प्रांतात, वांग लांगच्या नावावर चालणारे प्रार्थनाकीटकाचे घराणे आहे. वांग लांग पराभूत होऊन परतताना कीटकाची शिकार पाहतो, त्याला घरी नेतो, काडीने डिवचतो आणि त्याच्या पुढच्या पायांचा अभ्यास करतो, अशी कथा. कीटकाचा हल्ला खरोखर थक्क करणारा असतो. काटेरी पुढचे पाय सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत सुटतात, मिटतात आणि भक्ष्य जखडतात. माणसाला तो वेग नाही, ते काटेही नाहीत. म्हणून या घराण्याने कीटकाकडून आकार घेतला आणि काम माणसाच्या सांध्यांचे ठेवले.

समोरच्याने उजवा ठोसा टाकला, असे समजा. प्रार्थनाकीटकाचा हात त्याला अडवत नाही. मनगट वरून त्याच्या हातावर येते, तर्जनी आणि अंगठा चिमट्यासारखे मनगटाच्या हाडामागे अडकतात, उरलेली बोटे मिटतात. हा आकडा. दुसरा हात त्याच क्षणी कोपराच्या वर बसतो. ही धर. आणि दोन्ही हात मिळून त्याला खाली आणि पुढे उपटतात, त्याच्याच ठोशाच्या दिशेने. ही तोड. तिन्ही गोष्टी एका श्वासात घडायच्या. त्याचा तोल पुढे गेला, की मोकळा झालेला हात उलट्या मुठीने कानशिलावर येतो आणि पाय त्याच्या पुढच्या पायामागे अडसर घालतो. पायांची चपळाई माकडाकडून घेतली, असे हे घराणे स्वतःच सांगते. म्हणजे नाव कीटकाचे, पाय माकडाचे आणि तत्त्व तोल मोडण्याचे. यात नकलेचा भाग किती उरला?

ग्वांगदोंगच्या हुंग घराण्याने दोन प्राणी एका अंगात नांदवले. वाघ जवळचा, क्रौंच लांबचा. वाघासाठी ठाण रुंद आणि खोल, जमिनीत रोवल्यासारखे. पंजाची बोटे दोन्ही पेरांत वाकलेली, तळहात पुढे. आधी तळहाताच्या टाचेने आघात आणि मग बोटांनी ओरबाडत खाली ओढणे. क्रौंचासाठी पाय उचललेला, हात पंखासारखा बाहेर वळवून ठोसा निसटवणारा आणि पाच बोटांची टोके जुळवून डोळ्यावर किंवा कानशिलावर चोच मारणारी. एका सलग फॉर्ममध्ये शिष्य वाघातून क्रौंचात आणि क्रौंचातून वाघात जातो. खरी परीक्षा त्या सांध्यांवर होते. नुकतेच सगळे अंग घट्ट आवळले होते, ते दुसऱ्या क्षणी सोडता आले पाहिजे. फोशानचे वैद्य आणि वस्ताद वोंग फेइ-हुंग (जन्म १८४७) यांच्यामुळे ही विद्या गाजली. १९२४मध्ये ग्वांगजौतल्या दंगलीत त्यांचा दवाखाना जळाला आणि त्यानंतर लवकरच ते गेले. शिष्य लाम साइ-विंग (१८६१–१९४३) यांनी वाघ-क्रौंच फॉर्म चित्रांसह पुस्तकरूपाने छापला. लाम तरुणपणी डुकराचे मांस विकणारे खाटीक होते. ज्या विद्येची वंशावळ भिक्षू आणि सेनापतींपर्यंत नेली जाते, ती प्रत्यक्षात कष्टकऱ्यांनी, वैद्यांनी, बाजारातल्या माणसांनी तगवली. १९४९पासून क्वान टाक-हिंग यांनी पडद्यावर सत्तरहून अधिक वेळा वोंग फेइ-हुंग उभा केला. त्यांना पाहून मोठे झालेल्या पिढीला तोच चेहरा खरा वाटतो.

बिबट्याची मूठ अर्धी मिटलेली असते. बोटे मधल्या पेरांत वाकवून चपटी धार तयार होते, जी गळ्याच्या खाचेत बसते, जिथे पूर्ण मूठ बसत नाही. गरुडनखाच्या घराण्यात पकडीसाठी मडकी वापरतात. मडक्याच्या तोंडाला पाच बोटांच्या टोकांनी धरून ठाणात चालायचे, काही दिवसांनी त्यात थोडी वाळू, मग आणखी थोडी.

प्राणी सर्वांत खोलवर पचवला तो शिंगयी घराण्याने. मूळपुरुष जी जिके हा सतराव्या शतकातला शानशी प्रांतातला भालाईत होता. भाल्याची सरळ, आत घुसणारी रेष या विद्येत अजून दिसते. हनानमधल्या हुई मुस्लिमांनी जपलेल्या तिच्या शाखेत दहा प्राणी आहेत, इतरत्र बारा: ड्रॅगन, वाघ, माकड, घोडा, यांगत्सीच्या खोऱ्यातली सुसर, कोंबडा, शिक्रा, पाकोळी, साप, ताय नावाचा एक पक्षी, गरुड आणि अस्वल. सुन लुतांग यांनी १९१५मध्ये त्यावर लिहिलेले पुस्तक आजही वाचले जाते. इथे कोंबडा म्हणजे एका पायावरून दुसऱ्यावर भार नेताना न डळमळणे. पाकोळी म्हणजे खाली बुडून पाणी चाटून वर उठण्याची चाल. गरुड आणि अस्वल जोडीने शिकवतात, कारण एक वरून खाली येतो आणि दुसरे खालून उभे राहते. चेहऱ्यावर भाव नाहीत, बोटांची आरास नाही. अपरिचिताला बाराही प्राणी जवळजवळ सारखे दिसतील. प्रस्तुत वक्त्याला या सगळ्या परंपरांत हीच सर्वांत प्रगल्भ वाटते.

माकडाचे घराणे उलट्या टोकाला. दाशेंग परंपरेची कथा कौ सी या कैद्याची आहे. तुरुंगाच्या आवारातली माकडे पाहत त्याने वर्षे काढली आणि त्यांच्या स्वभावांवरून पाच प्रकार केले. भरकटलेले माकड भांबावल्याचे सोंग करून फसवते. झिंगलेले माकड पडता पडता मारते. दगडी माकड मार अंगावर घेते. लाकडी माकड दमल्यासारखे करून आत ओढते. उंच माकड लांब हातांचा फायदा घेते. इथे शरीराच्या ठेवणीनुसार शिष्याला माकड नेमून दिले जाते. प्रत्येकाला एकाच साच्यात न कोंबणारे हे शिक्षण फार शहाणपणाचे आहे.

१९४९नंतर चीनच्या सरकारने वूशूला, म्हणजे चिनी युद्धकलांना, खेळ म्हणून आकार दिला. फॉर्मचे मानकीकरण झाले, गुण ठरले, उड्या वाढल्या. मुक्त लढतींना पुन्हा अधिकृत जागा मिळायला १९७९ उजाडले. मधल्या काळात प्राणी-शैली रंगमंचाकडे सरकल्या. स्पर्धेतला माकड-फॉर्म पाहिला तर खेळाडू डोळे मिचकावतो, कान खाजवतो, पीच तोडून खातो. त्याची लवचिकता असामान्य असते, मेहनतही. पण परीक्षकाला लांबून दिसेल तेच उरते. कमरेतला कंप, मनगटामागचा आकडा, पाठीवरची थाप ही परीक्षकाच्या वहीत मावत नाही, म्हणून हळूहळू शिकवणेही थांबते. सांस्कृतिक क्रांतीत ज्या वस्तादांचा छळ झाला, त्यांच्याबरोबर बरेच काही गेलेच होते. जे वाचले ते आता वारसा म्हणून यादीत नोंदले जात आहे. नोंद हवीच. पण सानजान यादीत नव्हे, शिकवणाऱ्याच्या तळहातात राहते. तो तळहात तयार व्हायला वीस वर्षे लागतात आणि त्यासाठी पैसे देणारे फार थोडे.

प्राण्यांचीही हकीकत सांगायला हवी. फूजियानच्या डोंगरांत वाघ हा शेजारी होता. १९२४मध्ये ‘ब्लू टायगर’ हे पुस्तक लिहिणारे मिशनरी हॅरी कॅल्डवेल तिथल्या गावांतल्या नरभक्षकांच्या मागावर फिरले होते. दक्षिण चिनी वाघाच्या शास्त्रीय नावात त्याच प्रांतातल्या अमॉय बंदराचे नाव आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची संख्या सुमारे ४,००० असल्याचा अंदाज होता. मग त्यांना उपद्रवी ठरवून मारण्याची मोहीम निघाली आणि बंदी येईपर्यंत उशीर झाला. आज तो रानात उरलेला नाही असे मानले जाते, जे आहेत ते पिंजऱ्यांत आणि प्रजनन केंद्रांत. यांगत्सीची सुसरही रानात मोजकीच आहे. वाघाचा पंजा शिकणाऱ्या आजच्या फूजियानी मुलाने वाघ पाहिला तर तो प्राणिसंग्रहालयात, फेऱ्या मारताना.

हे सर्व पाहायचे कुठे? १९८२च्या ‘शाओलिन टेंपल’मध्ये जेट लीच्या गुरूच्या भूमिकेत यू हाय आहेत. ते शानदोंगचे, प्रार्थनाकीटक घराण्यातले खरे वस्ताद. त्यांचे प्रसंग पाहताना नजर हातांवरून काढून कमरेवर ठेवावी. आकडा बोटांत दिसण्याआधी कंबर वळलेली असते. आणि त्याहून जवळचा मार्ग मुंबई-पुण्यात आहे. गोजू-र्‍यू कराटेचे वर्ग तिथे चालतात आणि त्यांत सानचिन शिकवतात. योंगछुनमधला उघडा हात या सानचिनमध्ये मिटून मूठ होतो, म्हणून क्रौंच चटकन ओळखू येत नाही. पायांची बोटे जमीन धरतात का, कोपर बरगडीजवळ बुडते का, खांदा वर न चढता श्वास खाली जातो का, हे पाहावे. वर्गातल्या सेन्सेईंना विनंती केली तर ते एखाद्या शिष्याच्या खांद्यावर थाप मारून दाखवतील. त्या थापेचा आवाज कोरडा आला तर तिथे काम झाले आहे.